हत्यारे एकवीस, भट्टी एक

कारागीर कार्डाच्या अर्जात सातवा रकाना आहे. 'अर्जदाराच्या मालकीचे साहित्य' असं त्यावर छापलंय आणि पुढं दोन ओळींची जागा सोडलीय. माणसाचं सगळं कामकाज दोन ओळींत मावतं असं वाटणाऱ्या कोणीतरी तो अर्ज छापला असणार. पक्कडबाईनं त्या जागेत नीट बसवून लिहिलं: 'हत्यारे एकवीस, पैकी धारदार नऊ. भट्टी एक. गंधकाचे पाणी एक बाटली. तांब्याची तार भरपूर.' अक्षर वळणदार, खाडाखोड नाही, खाली सही.

पुढं जे रामायण झालं ते या दीड ओळीनं. पण ती एकवीस हत्यारं आली कुठून ते आधी सांगायला हवं, कारण त्यातलं एकही तिनं दुकानातून आणलेलं नव्हतं.

पक्कडबाई म्हणजे वाइंडरची बायको. जळालेल्या मोटारी आणि पंखे उसवायचे, त्यांच्यात नवी तार गुंडाळायची, हा वाइंडरचा धंदा. गल्लीत त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही आणि त्यालाही त्याचं दुःख नाही. बाई स्वतः अकरा वर्षं बटणांच्या कारखान्यात रंगखात्यात होती. समोर कापडाचा तुकडा यायचा आणि बरोब्बर त्या रंगाचं बटण काढून द्यायचं. तिला निळ्यात सतरा निळे दिसायचे. घरच्यांना एकच दिसायचा, त्यामुळे घरात रंगावरून वाद घालायला तिला कोणी मिळत नसे.

एका सोमवारी कारखाना उघडलाच नाही. गेटवर चिकटवलेला कागद तिनंच सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि मालकाच्या शुद्धलेखनाच्या तीन चुकाही जाता जाता सांगितल्या. आठवडाभर बायका गेटवर बसल्या, ही त्यांच्या पुढं बसली. शेवटी मालकाच्या माणसानं कपाटं उघडून 'काय हवं ते न्या' म्हटलं. बायकांनी खुर्च्या नेल्या. हिनं नमुन्यांच्या कपाटातली पॉलिमर क्लेची पेटी नेली, कारण ती कोणालाच नको होती.

क्ले म्हणजे माती, पण ही माती नव्हेच. ते मऊ प्लास्टिक असतं. पाण्यात विरघळत नाही, उन्हात वाळत नाही. मळायचं, लाटायचं, हवा तो आकार कापायचा आणि भट्टीत एकशेतीस अंशावर अर्धा तास भाजायचं, की बटणासारखं टणक होतं. हे सगळं पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. बाईनं ते भिंगातून तीनदा वाचलं. एक गोष्ट मात्र लिहिलेली नव्हती, ती तिला सासूच्या औषधाच्या डबीनं शिकवली. रिकामी दिसली म्हणून बाईनं त्या पारदर्शक डबीत कच्ची क्ले ठेवली. आठ दिवसांनी डबीचा तळ वितळून क्लेला चिकटला होता.

"बघा, प्लास्टिक खातंय हे!" बाई खूश होऊन म्हणाली.

"माझी डबी खाल्ली, त्याचं बोल," सासू म्हणाली.

घरात भांडणाचं खरं कारण वेगळंच होतं. क्लेला लागलेली वस्तू पुन्हा अन्नाला लावायची नाही, असा पाकिटावरचा नियम होता आणि बाई नियमाला पक्की. त्यामुळे स्वयंपाकघरातून एकेक वस्तू उठायची आणि तिच्या टेबलावर जायची ती कायमची. आधी पातळ सुरी गेली. मग किसणी गेली. मग सरळ उभ्या कडांचा काचेचा ग्लास गेला, कारण लाकडी लाटण्याला क्ले चिकटते आणि काचेला चिकटत नाही.

"तुझ्या टेबलावर गेलेली वस्तू म्हणजे लग्न करून दिलेली पोरगी," सासू म्हणाली. "ती पण चार दिवस माहेरी येते म्हणा. हा ग्लास तेवढाही येणार नाही."

"ग्लास नवा आणते ना, आई."

"ग्लासाचं नाही गं. उद्या मला उचलून नेशील. मी पण गुळगुळीत आहे."

बाकीची हत्यारं गल्लीतून आली आणि फुकट एकही आलं नाही. बाईचा तो हट्टच होता. दातांच्या डॉक्टरीणबाईंना एका म्हातारीच्या कवळीचा रंग जुळत नव्हता. चार दात बदलून झाले, म्हातारी प्रत्येक वेळी आरसा परत करायची. पक्कडबाई स्वतःची दाढ दाखवायला गेली होती. तिनं तोंड उघडं ठेवूनच बोट केलं, या डब्यातला तिसरा. लागला. त्याबद्दल डॉक्टरीणबाईंनी दाढेचे पैसे माफ करायचं ठरवलं, तर हिनं पैसे देऊन वाकड्या झालेल्या चार सळया मागितल्या, ज्यांनी दात टोकरतात. क्लेवर नक्षी काढायला त्यापेक्षा चांगलं काही नाही. रंगाऱ्याला एका बंगल्याची जुनी भिंत नव्याशी जुळवून दिली, त्याच्याकडून भिंत खरवडायचं लांब पातं आलं. ते इतकं पातळ की दोन्ही टोकं धरून वाकवलं तर कमान होते, आणि क्ले दबू न देता सरळ कापतं. इस्त्रीवाल्याला कोटाची सहा बटणं जुळवून दिली. त्यानं जळलेली इस्त्री दिली. ती उलटी ठेवली की झाली ऐरण.

"बाई, हिची कॉइल गेलीय," इस्त्रीवाला प्रामाणिकपणे म्हणाला.

"कॉइल तुमच्याकडेच ठेवा. मला पोट हवंय हिचं."

मोडक्या छत्रीची काडी आली. तिच्यावर तार गुंडाळून कापली की एकसारख्या कड्या पडतात. बंद पडलेल्या बेकरीतून पीठ लाटायचं हातानं फिरवायचं यंत्र आलं. कानशी आल्या, घड्याळवाल्याची हातोडी आली, पितळी नळीचे तुकडे आले, त्यांनी गोल टिकल्या कापल्या जातात. भट्टी म्हणजे पाव भाजायचा छोटा ओव्हन, ज्याची काच वाइंडरनं तारेनं बांधली होती.

राहिल्या पकडी. त्या वाइंडरच्या होत्या. गोल चोचीची, चपट्या चोचीची आणि तार तोडायची अशा तिन्ही त्याच्या पेटीतून एकेक करून निघून गेल्या. तो पेटीत हात घालायचा, हात रिकामा बाहेर यायचा आणि तो शेजारच्या मेकॅनिककडे पक्कड मागायला जायचा. गल्लीनं हे महिनाभर पाहिलं आणि तिचं नाव पक्कडबाई ठेवलं.

तार मात्र त्यानं आपणहून दिली. तांब्याची, चकचकीत, रीळच्या रीळ. बाईनं तिचे कानातल्यांचे हुक वळले, शंभर जोड्या. तांबं गंधकाच्या पाण्यात बुडवलं की जुन्या दागिन्यासारखं काळपट होतं, मग उंचवटे घासायचे, की खोलगट भाग काळा राहून नक्षी उठते. शंभर जोड्या बुडवल्या. काही झालं नाही. पाणी बदललं, गरम केलं, घरभर कुजक्या अंड्यांचा वास सुटला, सासू जिन्यात जाऊन बसली. हुक जसेच्या तसे चकचकीत.

"तुमचं तांबं खोटं आहे," बाई नवऱ्याला म्हणाली.

"माझं तांबं खोटं?" वाइंडरचा आवाज लग्नानंतर पहिल्यांदा चढला असेल. "एक नंबरची तार आहे ती. वार्निशसुद्धा दुहेरी आहे."

"वार्निश?"

"म्हणजे काय? उघडी तार गुंडाळली तर मोटार जळेल ना."

"तुम्ही मला सांगितलं नाहीत वार्निश आहे म्हणून."

"आता तारेला वार्निश असतं हे काय सांगायचं? तुला दोन डोळे आहेत हे मी सांगतो का लोकांना?"

निळ्यात सतरा निळे दिसणाऱ्या बाईला तांब्यावरचं वार्निश दिसलं नव्हतं. हे तिला इतकं लागलं की दोन दिवस तिनं टेबलाला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी वाइंडरनं जाड केबल सोलून आतली उघडी तार काढली आणि गुपचूप तिच्या टेबलावर ठेवली. ती काळी झाली. दोघांत तह झाला.

मग विक्री. बस थांब्याशेजारी फुटपाथवर चादर अंथरायची, वर कानातली मांडायची. खप चांगला होता, पण आठवड्यातून एकदा अतिक्रमण हटवणाऱ्यांची गाडी यायची आणि चादरीची चारी टोकं धरून माल उचलून न्यायची. चौथ्यांदा चादर गेली तेव्हा बाई त्या गाडीच्या पुढं उभी राहिली. गाडीवाला म्हणाला, "ओ बाई, कार्ड काढा ना. कार्डवाल्यांना झाकलेल्या बाजारात टेबल मिळतं. मग आम्ही कशाला येतोय?"

कार्डाची परीक्षा दोन वर्षांतून एकदा असते. एक परीक्षक, एक दिवस, अकरा ते एक. आपल्या हत्यारांनी समोर बसून एक वस्तू करून दाखवायची. चुकली तर पुढची दोन वर्षं चादर आणि गाडी. बाईनं अर्ज आणला आणि सातव्या रकान्यात ती दीड ओळ लिहिली.

आता हत्यार हा शब्द. बाईचा बाप सुतार. त्यानं करवतीला, रंध्याला, पटाशीला आयुष्यभर हत्यारच म्हटलं. सकाळी 'हत्यारं दे गं' म्हणायचा आणि ती पिशवी आणून द्यायची. ज्या घरात हातानं कामं होतात त्या घरात तोच शब्द असतो. कार्डाच्या ऑफिसात हातानं फक्त शिक्के मारले जातात. तिथं अर्ज तीन टेबलांवरून गेला. पहिल्या टेबलानं वाचला नाही. दुसऱ्यानं अर्धा वाचला. तिसऱ्या टेबलावरचा माणूस नवा होता, त्यानं पूर्ण वाचला आणि घोटाळा झाला. धारदार नऊ, भट्टी, गंधक, तार. त्यानं अर्जाची प्रत काढली आणि समोरच्या पोलीस ठाण्यात पाठवली. वर लिहिलं, 'माहिती व योग्य कार्यवाहीसाठी.'

परीक्षा मंगळवारी. सोमवारी सकाळी दहा वाजता दारात एक साध्या कपड्यातला गृहस्थ उभा. हातात तिच्या अर्जाची प्रत. बाईला वाटलं कार्डाच्या ऑफिसातून तपासणीला आलाय. तिनं खुर्ची पुसून दिली.

"घरात हत्यारं आहेत?" त्यानं विचारलं.

"आहेत की. एकवीस."

तो माणूस थोडा गडबडला. इतक्या सरळ कोणी सांगत नाही. "कुठं ठेवता?"

"हाताशी. कामाच्या वेळी शोधत बसायला नको."

"धारदार किती?"

"नऊ लिहिलीत ना. पण खरं सांगू का, आता दहा झालीत. कालच एकाला धार लावली."

गृहस्थानं वही काढली. "भट्टी?"

"स्वयंपाकघरात आहे. या ना, दाखवते."

"थांबा, थांबा. दिवसाला किती काढता?"

"पंचवीस-तीस. मागणी असली की चाळीस."

"गिऱ्हाईक कोण?"

"बायका. आणि कॉलेजच्या मुली तर फार."

"कॉलेजच्या मुली?"

"त्यांना रंगीत लागतं," बाई म्हणाली. "मोठ्या बायका काळंच मागतात."

"हे गंधक कशाला?"

"काळं करायला."

त्यानं लिहायचं थांबवलं. "घरात आणखी कोणाचा हात आहे यात?"

"नवऱ्याचा. तार तोच पुरवतो." बाईनं विचार केला, माणूस चांगला दिसतोय, जरा सासूचंही नाव पुढं जाऊ दे. "आणि आमच्या आई. त्यांचा ग्लास."

आतून सासू ओरडली, "माझं नाव घेऊ नकोस. मी काही दिलेलं नाही, माझ्याकडून नेलंय."

गृहस्थानं उठून खिशातलं ओळखपत्र दाखवलं. तो हवालदार होता. टेबलावरचं पितळ, पाती, सळया आणि कानातल्यांची रंगीत रांग त्यानं पाहिली आणि काय प्रकार आहे ते त्याला कळलं. पण तोपर्यंत वहीत दोन पानं लिहून झाली होती आणि लिहिलेलं कसं खोडायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"बाई, मला समजलं," तो म्हणाला. "पण वरून कागद आलाय. हत्यारं, भट्टी, माल, सगळं ठाण्यात न्यावं लागेल. साहेब बघतील, देतील परत."

"उद्या माझी परीक्षा आहे!"

"उद्याच देतील."

बाईचं डोकं फिरलं. ती जे बोलली त्यातलं बरंचसं पंचनाम्यात घेता आलं नाही. पंच म्हणून इस्त्रीवाला आणि सासू. इस्त्रीवाल्यानं 'उलटी इस्त्री, नग एक' यावर सही करताना डोळे टिपले, कारण ती त्याची पहिली इस्त्री होती. सासूनं चष्मा लावून सगळी यादी वाचली आणि ग्लासापुढं 'मूळ मालक: सासू' असं लिहून घेतल्याशिवाय अंगठा पुढं केला नाही. मग चष्मा काढून सही केली, कारण तिला सही येते.

मंगळवारी नऊ वाजता बाई आणि वाइंडर ठाण्यात हजर. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी पंचनामा वाचला, टेबलावर मांडलेली हत्यारं पाहिली, छत्रीच्या काडीपाशी जरा थबकले आणि हसू दाबलं.

"सरळ गोष्ट आहे, बाई. शब्दाचा घोळ आहे. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, की अर्जात 'हत्यारे' हा शब्द चुकून लिहिला, तो 'साधने' असा वाचावा. मी फाईल बंद करतो. पाच मिनिटांत न्या सगळं."

"चुकून नाही लिहिला," बाई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे विचार करून लिहिला. हत्यारंच आहेत ती."

"अहो, तसं म्हणू नका. मला मग ती सोडता येणार नाहीत."

"माझा बाप सुतार होता. पन्नास वर्षं त्याच्या हातात हत्यार होतं. आता मी लिहून देऊ की तो चुकत होता?"

"तुमच्या वडिलांचा संबंध नाही इथं."

"शब्द त्याचा आहे. संबंध कसा नाही?"

वाइंडरनं तिला कोपऱ्यात घेतलं. "अगं, साधनं म्हण. एक शब्द आहे. घरी जाऊन काय ते म्हण."

"तुम्ही तारेला दोरी म्हणाल?"

वाइंडरनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. त्याला ते जमलं नाही. "नाही," तो म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला.

दहा वाजले. साडेदहा झाले. साहेबांनी कोरा कागद आणि पेन तिच्यापुढं ठेवून दिलं. तिनं पेन उचललं, टोपण काढलं. समोर तिची पाती, तिच्या सळया, तिची ऐरण, सगळ्यांना नंबराच्या चिठ्ठ्या बांधलेल्या. दोन वर्षं. तिनं टोपण पुन्हा लावलं. उठली आणि रस्ता ओलांडून थेट कार्डाच्या ऑफिसात गेली.

परीक्षेच्या खोलीत सात उमेदवार बसले होते. सगळ्यांपुढं नवीकोरी पेटी, एकाच दुकानातली, एकाच्या पकडीला अजून किमतीची चिठ्ठी. परीक्षक एक म्हातारा सोनार होता. साठ वर्षं ऐरणीवर वाकून त्याची मान पुढं आली ती तशीच राहिली होती, त्यामुळे तो सगळ्यांकडे खालून वर बघायचा. त्यानं बाईकडे तसंच पाहिलं.

"तुमचं सामान?"

"माझी हत्यारं समोर ठाण्यात अडकलीत," बाई म्हणाली. "अर्जात हत्यारं लिहिलं म्हणून. शब्द बदल म्हणतात. मी बदलणार नाही. माझी परीक्षा घ्यायची असेल तर तिथं यावं लागेल. नाही म्हणालात तर मी जाते, पण का नाही, ते लिहून द्या."

शेजारी बसलेला ऑफिसचा माणूस, तिसऱ्या टेबलाचाच, म्हणाला, "असं बाहेर जाऊन घेता येत नाही."

"नियम काढ," सोनार म्हणाला.

नियमात लिहिलं होतं, 'परीक्षा उमेदवाराच्या साहित्यासह घेण्यात येईल.' कुठं ते लिहिलेलं नव्हतं. सोनारानं बाकीच्या सात जणांना एक एक कडी वळायला लावली, सातही कड्या भिंगातून पाहिल्या, सुस्कारा सोडला आणि चप्पल घातली. तिसऱ्या टेबलाचा माणूस फॉर्म घेऊन त्याच्या मागं निघाला. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

ठाण्यात शिरल्यावर तो टेबलाजवळ गेला. कोणाला काही न विचारता त्यानं रंगाऱ्याचं पातं उचललं, वाकवलं, सोडलं. उलटी इस्त्री नखानं वाजवून पाहिली. दात टोकरायची सळई अंगठ्यावर टेकवली.

"कोणी घासली हिची टोकं?"

"मी."

"हत्यारं चांगली राखलीत," सोनार म्हणाला.

साहेबांनी मान वर केली. "आजोबा, तुम्ही पण हत्यारच म्हणता?"

"मग काय म्हणू? चमचे?"

साहेबांनी पंचनामा पुढं ओढला. मग त्यांनी हवालदाराला सांगितलं की जप्त वस्तूंची तज्ज्ञाकडून पाहणी चालू आहे असं नोंदवा, आणि पाहणीच्या वेळी वस्तू वापरून बघायला हरकत नाही. सोनारानं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. एक वाजेपर्यंत कानातल्याची एक जोडी.

बाईनं फरशीचा तुकडा पुढं ओढला, क्ले मळायला घेतली आणि ग्लासाकडे हात नेला. ग्लास नव्हता.

"वीसच आहेत," ती म्हणाली.

"नीट बघा," हवालदार म्हणाला.

"मी माझी हत्यारं न बघता ओळखते. नंबर सतरा कुठाय?"

ठाण्यात हत्याराची शोधाशोध सुरू झाली. कपाटं उघडली, खुर्च्या सरकवल्या, कोठडीतल्या एकुलत्या एका माणसालाही विचारलं. त्यानं हात वर करून मी नाही म्हणून सांगितलं. नंबर सतरा साहेबांच्या टेबलावर सापडला. अर्धा भरलेला. कोणीतरी धुऊन त्यांना पाणी दिलं होतं.

"पिऊ नका ते," बाई म्हणाली. "क्लेला लागलेला आहे."

साहेबांनी उरलेल्या पाण्याकडे बघितलं. "मी सकाळपासून पितोय."

"दिवसभर काही खाऊ नका म्हणजे," वाइंडर बाकावरून म्हणाला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, पण काहीतरी बोलावंसं वाटलं.

बाईनं ग्लास पुसला आणि क्ले लाटली. दोन निळे घेतले. बघणाऱ्यांना तो एकच निळा वाटला. लाटून, एकावर एक ठेवून, यंत्रातून काढून, पुन्हा दुमडून यंत्रातून काढलं, तेव्हा कडेला अंधार आणि मध्ये उजेड अशी पट्टी तयार झाली. पितळी नळीनं दोन टिकल्या कापल्या, सळईनं कडेनं बारीक रेघा ओढल्या, वर भोक पाडलं. भट्टीचा प्लग लावला. त्याबरोबर ठाण्याचा पंखा बंद पडला. वाइंडर बाकावरून उठला, पंख्याखाली उभं राहून त्यानं वर पाहिलं आणि म्हणाला, "भट्टीचा दोष नाही. याची वाइंडिंग गेलीय." तो त्या दिवसात पहिल्यांदा आपल्या जागी आला होता.

अर्धा तास क्ले भाजत होती तोवर बाईनं तार वळली. हातोडीनं इस्त्रीच्या पोटावर ठोकून चपटी केली, गंधकाच्या पाण्यात बुडवली. ठाण्यात तो वास पसरला तेव्हा तक्रार नोंदवायला आलेले दोघंजण 'उद्या येतो' म्हणून निघून गेले. हवालदार खुर्ची ओढून अगदी जवळ बसला होता. त्याच्या वहीत काही लिहिलेलं नव्हतं.

एकाला पाच कमी असताना तिनं शेवटची कडी बंद केली. सोनारानं जोडी तळहातावर घेतली, भिंग लावलं आणि आधी उजवं, मग डावं पाहिलं.

"डाव्याचं भोक केसभर बाजूला गेलंय."

"गेलंय," बाई म्हणाली. "ग्लासाच्या शोधात क्ले गार पडली होती. पण कारण सांगत नाही मी. गेलंय ते गेलंय."

सोनारानं फॉर्म पुढं ओढला. 'काम' या रकान्यात लिहिलं, 'चांगले.' साहित्याच्या रकान्यात लिहिलं, 'हत्यारे एकवीस. मी स्वतः वापरली असती.' सही केली, शिक्का मारला आणि तारीख घातली. साहेबांनी तो कागद मागून घेतला, वाचला, त्याची प्रत काढली. सरकारमान्य परीक्षकानंच हत्यारे लिहून सही केल्यावर ठाण्यानं शब्दावरून अडून बसण्यात अर्थ नव्हता. फाईल बंद झाली. पक्कडबाईनं काही लिहून दिलं नाही.

राहिली ती जोडी. परीक्षेत केलेला नमुना अर्जाला जोडायचा असतो, तिसऱ्या टेबलाचा माणूस म्हणाला. जप्त वस्तूंपासून बनलेली वस्तू फाईल सोडून बाहेर जाऊ शकत नाही, हवालदार म्हणाला. दोघांनी नियम दाखवले. दोघांचेही खरे होते. एक वाजून गेला होता आणि सोनाराला घरी जायचं होतं.

"एक एक घ्या," बाई म्हणाली.

तिनं जोडी फोडली. एक कानातलं कार्डाच्या ऑफिसच्या फायलीत गेलं, एक ठाण्याच्या. हवालदार टाचणी लावायला लागला तशी तिनं त्याचा हात धरला.

"थांबा. तुमच्याकडे डावं आलंय. लिहा तसं. भोक सरकलेलं आहे, ते पण लिहा."

हवालदारानं लिहिलं. वाइंडरनं भट्टी खांद्यावर घेतली, बाईनं हत्यारं पोत्यात भरली. भरता भरता एकेक मोजली. एकवीस झाल्यावरच तिनं पोचपावतीवर सही केली.